विचारा तर खरं : विस्थापित खांद्याची गोष्ट

प्रश्न : बाई, नमस्कार. मी घरी बसून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. गेल्या दोन महिन्यांत 'डिसलोकेशन' या एकाच शब्दाने मला तीनदा अडवलं. एकदा हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात, एकदा बोगद्याच्या भूगर्भ अहवालात आणि एकदा डिप्लोमाच्या धातुशास्त्राच्या नोट्समध्ये. कोशात 'विस्थापन' मिळालं म्हणून तिन्हीकडे तेच ठेवलं. तिन्ही कामं परत आली. अहवालवाल्या साहेबांनी तर पेन्सिलीने शेरा मारला, 'इथे धरणग्रस्त कुठून आले?' या तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे की नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : शेरा वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि एकटीच हसले. पण साहेबांचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे विस्थापित म्हटलं की कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं गाव सोडून निघालेली माणसं आठवतात, खांद्याचं हाड आठवत नाही. हा शब्द आता माणसांचा झाला आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्या.

अर्थ एकच का, तर मुळापुरता एकच. लॅटिनमध्ये 'लोकस' म्हणजे जागा, आणि जागचं हललं ते डिसलोकेशन. इथवर तिघांचं जुळतं, पुढे तिघं तीन वाटांनी जातात. मी तेहतीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं, लहानपण कोळशाच्या खाणीशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि माझा स्वतःचा उजवा खांदा एकदा निखळलेला आहे. तेव्हा तिन्हींबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

वैद्यकातला अर्थ सगळ्यांत जुना, म्हणून आधी खांदा. पावसाळ्याचे दिवस होते. एस.टी.तून उतरताना ओल्या पायरीवरून पाय सटकला. उजव्या हाताने दाराचा दांडा घट्ट धरलेला. अंग खाली गेलं, हात वरच राहिला. हात असा वर आणि मागे हिसकला जाणं ही खांदा निखळण्याची अगदी नेहमीची तऱ्हा, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की खांद्याची गोलाई गेली आहे. हँगरला अडकवलेल्या ब्लाउजचा खांदा दिसतो ना, तसा कोपरा आला होता. दुखणं कसं होतं ते लिहीत नाही.

लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे लिंबू, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती चमच्याइतकीच उथळ. कडेच्या कूर्चेने, अस्थिबंधांनी आणि भोवतीच्या स्नायूंनी लिंबू धरून ठेवलेलं असतं. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सगळ्यांत जास्त वेळा निखळतो, तोही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. मांडीचा सांधा वाटीसारखा खोल असतो. तो असा सहजासहजी निसटत नाही.

कंडक्टरला जवळचा एक हाडवैद्य माहीत होता. 'मॅडम, दोन मिनिटांत बसवतो तो.' मी दवाखाना धरला, आणि त्याचं कारण तुमच्या माहितीपत्रकातही ठळक असायला हवं : निखळलेल्या हाडाच्या कडेचा तुकडा कधी कधी उडालेला असतो, आणि तो एक्स-रेशिवाय दिसत नाही. डॉक्टरांनी त्याच्याही आधी दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला कापसाचा बोळा फिरवून विचारलं, 'कळतंय का?' सांध्याच्या अगदी खालून एक नस जाते, ती चेपली तर तेवढी जागा बधिर होते. मला कळत होतं. मग एक्स-रे, मग इंजेक्शन, आणि मग त्यांनी मला उताणं झोपवून कोपर अंगाला टेकवलं, काटकोनात वाकवलं आणि हात बाहेरच्या बाजूला इतका सावकाश फिरवायला घेतला की ते काही करत आहेत असं वाटेना. मध्येच थांबायचे. माझ्या विद्यार्थ्यांबद्दल विचारायचे. 'ओढायचं नसतं, स्नायू थकेपर्यंत वाट बघायची असते,' म्हणाले. मी विद्यार्थ्यांना शिकवते तो तांब्याचा एक गुणधर्म सांगत असतानाच आतून 'कट्ट' झालं. मिक्सर बंद केल्यावर स्वयंपाकघरात जशी शांतता होते, तसं दुखणं थांबलं. तीन आठवडे हात झोळीत.

या बाबतीत मराठीला कोणाची उसनवारी करायची गरजच नाही. हाड मोडतं, पाय मुरगळतो, मान लचकते, सांधा निखळतो. कुठे 'उतरतो' म्हणतात, कुठे 'उखडतो'. चार दुखापतींना चार क्रियापदं असताना तुम्ही कोश उघडलातच कशाला, हा माझा प्रेमळ राग समजा. माहितीपत्रकात 'खांदा निखळणे' लिहा. सांधा पुरता सुटला नसेल, नुसता सरकला असेल, तर 'अर्धवट निखळणे'. आणि जरा भारदस्त शब्द हवाच असेल तर सुश्रुतसंहितेत आहे : हाड मोडण्याला कांडभग्न, निखळण्याला संधिमुक्त. संधिमुक्ताचे सहा प्रकार दिले आहेत, उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त. शेवटची चार नावं मोठ्याने वाचून बघा. हाड बाजूला वळलं, खाली गेलं, लांब गेलं, तिरपं गेलं. दुखतं किती यावर ती नावं नाहीत, हाड कोणत्या दिशेला गेलं यावर आहेत. भूगर्भवाले प्रस्तरभंगांचं, म्हणजे जमिनीचे थर तुटून सरकण्याचं, वर्गीकरण करतात तेही दिशेवरूनच. ही तुलना माझी आहे, कुठल्या पुस्तकात शोधू नका.

आता खाण. माझे वडील चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे, होते. घरी जेवताना एखाद्या दिवशी ते फार गप्प असले की आई हळूच विचारायची, 'फॉल्ट आला का?' म्हणजे असं : कोळशाचा थर, त्याला ते 'सीम' म्हणत, कापत कापत पुढे जायचं, आणि एका सकाळी समोर कोळसाच नाही, सरळ दगडाची भिंत. थर संपलेला नसतो. फार पूर्वी जमीन तिथे तुटून एक बाजू खाली बसलेली असते, आणि राहिलेला कोळसा पलीकडे वर तरी असतो नाहीतर खाली तरी. वर शोधायचा की खाली, यावर पुढचे कितीतरी दिवस आणि पैसे अवलंबून.

त्याचं उत्तर वडिलांनी मला ताटातल्या दोन भाकरींनी दाखवलं होतं. तुटलेल्या भेगेचा कल बघायचा. भेग वरून खाली जाताना आपल्यापासून पुढे, लांब जात असेल तर कोळसा खाली गेला आहे. भेग खाली येताना आपल्याकडे येत असेल तर कोळसा वर राहिला आहे. जमीन ताणली जाऊन तुटली असेल तर तिरप्या भेगेच्या अंगावर रेललेला वरचा भाग घसरून खाली बसतो, एवढंच त्यातलं शास्त्र. विदर्भातले कोळशाचे पट्टे असे ताणाने तुटलेल्या खोऱ्यांतच साठलेले असल्यामुळे तिथे हा नियम बहुधा लागू पडायचा. जमीन दाबली जाऊन तुटली असेल तर उलटं होतं. हिमालयात असा नियम घेऊन जाल तर फसाल.

जुने भूवैज्ञानिक अशा सगळ्या मोडतोडीला सरसकट डिसलोकेशन म्हणत. आज फॉल्ट म्हणतात, आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत प्रस्तरभंग. तुमच्या अहवालात तोच शब्द घाला, आणि जिथे नेमकी भेग दाखवलेली नाही तिथे 'थर तुटून सरकले आहेत' असं साधं वाक्य लिहा. साहेबांची पेन्सिल शांत होईल. सरकणं नेहमी वर-खालीच असतं असंही नाही. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तेव्हा शहराच्या उत्तरेकडच्या शेतांमधली सरळ लाकडी कुंपणं मध्येच तुटून दोन तुकडे आडवे सरकलेले सापडले, काही ठिकाणी पाच-सहा मीटरने. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला बेसाल्टच्या थरांखालचा खडक सरकला, तोही मुख्यतः आडवाच.

आणि इथे डॉक्टर आणि भूवैज्ञानिक वेगळे होतात. डॉक्टरांच्या शब्दात हाडाला एक हक्काची जागा असते, आणि सगळी खटपट ते परत तिथे नेण्यासाठी असते. जमिनीला अशी हक्काची जागा नसते. सरकली ती सरकली. कुंपणाचे दोन तुकडे कोणी पुन्हा समोरासमोर आणत नाही, मधली फट बुजवून नवीन खांब रोवतात.

आता माझं घर. इथे जरा रेंगाळणार आहे.

धातूत अणू ओळीने, थरावर थर रचलेले असतात. तार वाकते तेव्हा हे थर एकमेकांवरून घसरतात, इतकं कळलेलं होतं. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने हिशेब केला की एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजारो पट. हिशेब खरा मानला तर तांब्याची तार तुम्हाला-मला हाताने वाकवताच येणार नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे जी. आय. टेलर, हंगेरीचे एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी या तिघांनी, आपापल्या जागी बसून, एकच उत्तर काढलं : थर एकदम सरकतच नाही.

लग्नाच्या हॉलमधली ती जाडजूड सतरंजी कधी सरकवली आहे? टोकाला धरून ओढा, हलत नाही. पण एका कडेला पायाने वळी उठवा आणि ती वळी ढकलत ढकलत दुसऱ्या कडेपर्यंत न्या. वळी बाहेर पडली की सगळी सतरंजी तेवढी सरकलेली असते, आणि जोर फक्त वळीपुरता लागलेला असतो. धातूमधली ही वळी म्हणजे डिसलोकेशन. ती कशी दिसते हे हवं असेल तर मक्याचं कणीस सोला. दाण्यांच्या ओळी सरळ चाललेल्या असतात आणि टोकाकडे कुठेतरी एखादी ओळ मध्येच संपते, शेजारच्या ओळी आत कलून जागा भरून काढतात. ओळ जिथे संपली ती जागा बोटाने चाचपा. स्फटिकात अणूंचा एक अख्खा पडदा असाच अर्ध्यावर संपतो, आणि त्याची खालची कडा म्हणजे ती रेघ. जोर लावला की ही रेघ एकेक पाऊल पुढे सरकते, अळी चालते तशी.

आता बघा, इथे कोण जागचं हललं? कुठलाही एक अणू निखळून बाहेर पडलेला नाही. प्रत्येक जण जेमतेम एक पाऊल सरकला. चालत गेली ती रेघ. म्हणून धातूंच्या बाबतीत 'विस्थापन' वाचलं की मुलं हटकून चुकतात. परीक्षेत मी कितीदा वाचलं आहे, 'विस्थापन म्हणजे अणू आपली जागा सोडून निघून जातो.' अणू निघून गेला तर त्याला रिकामी जागा म्हणतात, ते प्रकरण वेगळं.

हा शब्द धातूवाल्यांकडे डॉक्टरांकडून आलेला नाही, गणितातून आला. १९०७ मध्ये व्हिटो व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने एक प्रश्न सोडवला. नळाचा रबरी वायसर घ्या, एका जागी आरपार कापा, कापलेलं एक तोंड थोडं वर करा आणि तसंच चिकटवा. बाहेरून कोणीही दाबत नाही, तरी वायसर पिळलेला राहतो. तो ताण किती आणि कुठे, हे त्याने काढलं. त्याने त्याला 'विकृती' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पुढे लव्ह या इंग्रज गणितज्ञाने त्याच गोष्टीला डिसलोकेशन म्हटलं, आणि टेलरने तो शब्द उचलला. गंमत म्हणजे १९५८ मध्ये भूकंपवाल्यांनी तेच व्होल्टेराचं गणित घेतलं आणि प्रस्तरभंगाला लावलं. आज भूकंपानंतर जमीन कुठे किती उचलली हे काढतात ते याच घराण्यातल्या सूत्रांनी. तेव्हा खाण आणि भट्टी इथे पुन्हा नात्यात येतात. खांदा बिचारा बाहेर राहतो.

१९३४ पासून बावीस वर्षं आम्ही लोक न दिसणाऱ्या रेघेवर विश्वास ठेवून होतो. १९५६ मध्ये केंब्रिजला पीटर हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा सरकताना दिसल्या. आमच्या प्रयोगशाळेला तसला सूक्ष्मदर्शक परवडणार नव्हता. मी साबणाचं पाणी वापरायचे. ही युक्ती ब्रॅग आणि नाय यांची, १९४७ ची. पसरट ताटात साबणाचं पाणी, त्यात इंजेक्शनची बारीक सुई बुडवून माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडायची. सारख्या आकाराचे हजारो बुडबुडे एकमेकांना चिकटून मधाच्या पोळ्यासारखे बसतात. मग कडेने पट्टीने हळूच दाबायचं. एक काळसर रेघ सर्रकन या टोकाकडून त्या टोकाला जाते. मागच्या बाकावरची, एरवी मोबाइलमध्ये घुसलेली मुलंही तेव्हा ताटाभोवती येऊन उभी राहायची आणि 'मॅडम, परत' म्हणायची.

मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्येसुद्धा या रेघा एकापुढे एक जोडल्या तर किलोमीटरमध्ये मोजाव्या लागतात. आणि धातू ठोकला की त्या कमी होत नाहीत, वाढतात. चांगला ठोकून काढलेला तुकडा असेल तर तेवढ्याच जागेत दहा लाख किलोमीटर रेघ भरते. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. इतक्या रेघा एकमेकींत अडकल्या की कोणालाच हलता येत नाही, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा लक्ष्मी रोड होतो. धातू कडक होतो तो त्यामुळे.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या हंड्या-बंबांवर जे चकचकीत ठोक्यांचं नक्षीकाम दिसतं ते मठारकाम. ते दिसायला सुंदर असतंच, पण प्रत्येक ठोक्यागणिक तांबं कडक होत जातं, पोचा लवकर येत नाही. घडवताना मात्र हाच कडकपणा आडवा येतो. मग भांडं भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं, की तांबं पुन्हा लोण्यासारखं. तापल्यावर रेघांचा गुंता सुटतो, नवे स्वच्छ स्फटिक वाढतात. पाण्यात बुडवून पोलाद कडक होतं आणि तांबं मऊच राहतं, यात माझी कितीतरी मुलं गोंधळायची. पोलादाचं कारण निराळं, तो प्रश्न कोणीतरी विचारा म्हणजे लिहीन.

तुम्ही घरी करून बघा. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची जाड तार घ्या, प्लॅस्टिक आधी पूर्ण सोलून काढा. सांडशीत धरून गॅसवर लाल करा, निवू द्या. आता ती बोटाने वाकवा, दोऱ्यासारखी वाकेल. मग सरळ करायला जा. बाकी तार सरळ होते आणि नेमकी वाकवलेली जागा हटून बसते, तिथे कुबड राहतं. एका वाकवण्यात तिथे एवढ्या रेघा तयार झाल्या. पाच-सात वेळा पुढे-मागे केलीत की कट्ट. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

आता कामाचं. नोट्समध्ये डिसलोकेशन हा शब्द देवनागरीत तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी सोबत 'स्फटिकातली सरकती रेघ' असं लिहा. प्रयोगशाळेत, वर्कशॉपमध्ये, तोंडी परीक्षेला सगळे डिसलोकेशनच म्हणतात. मी तेहतीस वर्षांत दुसरा शब्द रुजवू शकले नाही आणि शेवटी शेवटी प्रयत्नही सोडला होता.

प्रश्न : मॅडम, डिसलोकेशन हा जर स्फटिकातला दोष आहे, तर बिनदोषाचा धातू बनवून सगळे पूल त्याचेच का बांधत नाहीत? – डिप्लोमा, दुसरं वर्ष, लातूर

उत्तर : बनवला आहे, पण केसापेक्षा कितीतरी बारीक. कथिलाच्या मुलाम्यावर आपोआप मिशांसारखे तंतू उगवतात. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हेरिंग आणि गॉल्ट यांनी ते वाकवून बघितले, तर ते फ्रेंकेलच्या हिशेबाच्या जवळपास जाणारा ताण सोसून पुन्हा सरळ झाले. कथिल, ज्याला आपण लेचंपेचं समजतो! पण तंतू जाड करायला गेलात की कुठे ना कुठे रेघ शिरतेच, आणि एक शिरली की तिच्यातून शंभर होतात. आणि समजा जमलं, तरी तसा धातू ठोकून, वाकवून, ओढून काही घडवता येणार नाही, कारण घडतो तो याच दोषामुळे. पुलाची तुळई भार जास्त झाल्यावर वाकते आणि आपल्याला सावध करते, तेही यामुळेच.

मोठा आणि बिनरेघेचा स्फटिक तू रोज खिशात घेऊन फिरतोस, तो सिलिकॉनचा. १९५९ च्या सुमारास डॅश नावाच्या शास्त्रज्ञाने युक्ती काढली : वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक वर ओढताना आधी त्याची मान बारीक करायची, म्हणजे रेघा कडेला येऊन संपून जातात, आणि मग जाड करायचा. मोबाइलच्या चिपा अशा स्फटिकांच्या चकत्यांवर बनतात. अशी एक चकती आमच्या प्रयोगशाळेला कोणीतरी भेट दिली होती, आरशासारखी. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून फरशीवर पडली. आमच्या शिपायाने सुपलीत तुकडे भरले आणि विचारलं, 'मॅडम, काच कुठली फुटली?'